संदर्भसूचीतील कर्ता : बी. रघुनाथ यांच्या नोंदीच्या निमित्ताने

शोधप्रबंधाच्या अखेरीस येणारी संदर्भसूची हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, असे आपल्याकडे सहसा मानले जात नाही. ती अक्षरजुळणी करणाऱ्याची, फार तर ग्रंथपालाची बाब समजली जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. संगणकावर प्रबंध जुळवताना ज्या नियमावलीला ‘सूचीशैली’ म्हणतात, तिच्यात काही वाङ्मयीन प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन ठेवलेली असतात : कर्ता कोणाला म्हणावे, त्याच्या नावाचा कोणता भाग मुख्य मानावा, ग्रंथाचे वर्ष कोणते समजावे. ही उत्तरे मराठी वाङ्मयव्यवहाराशी जुळली नाहीत की सूचीत दोष निर्माण होतात. दोष कोणत्या पातळीवर उद्भवला हे न पाहता केवळ छापील पान दुरुस्त केले, तर पान सुधारते आणि दोष मुळात तसाच राहतो.

एक उदाहरण घेऊ. बी. रघुनाथ (१९१३-१९५३) यांचे संपूर्ण नाव भगवान रघुनाथ कुळकर्णी. जन्म तत्कालीन परभणी जिल्ह्यातील सातोना येथला. आयुष्याचा कर्तृत्वाचा काळ गेला तो परभणी शहरात, सरकारी कारकुनी करीत. मराठवाड्यातील आधुनिक मराठी साहित्याचा विचार त्यांच्या कथा-कादंबरी-कवितेला वगळून करता येत नाही. या लेखकावरील एखादा प्रबंध ‘लाटेक’ या अक्षरजुळणी-प्रणालीत जुळवला आणि कर्त्याच्या रकान्यात ‘बी. रघुनाथ’ एवढेच लिहिले, तर सूची त्यांना ‘र’ या वर्णाखाली नेऊन बसवते. ‘रघुनाथ’ हे आडनाव आणि ‘बी.’ हे त्याचे आद्याक्षर असे ती गृहीत धरते. म्हणजे लेखकाच्या वडिलांचे नाव त्याचे कुलनाम ठरते. ही नोंद पाहून कोणतीही धोक्याची सूचना उमटत नाही. यंत्राच्या दृष्टीने सारे काही बिनचूक झालेले असते.

१

सूचीशैलीचे कार्य कसे चालते, हे थोडक्यात ध्यानात घेणे आवश्यक आहे. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७-७८ च्या सुमारास ‘टेक’ ही प्रणाली सिद्ध करण्यास आरंभ केला. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ‘लाटेक’ उभारली आणि तिच्या जोडीला १९८५ मध्ये ओरेन पटाश्निक यांनी ‘बिबटेक’ ही सूची तयार करणारी आज्ञावली दिली. तिच्यात मजकूर आणि मांडणी यांची फारकत केलेली आहे. संशोधक प्रत्येक ग्रंथाची नोंद एका संचिकेत रकान्यांनुसार भरतो : कर्ता, शीर्षक, प्रकाशक, स्थळ, वर्ष. शैलीची संचिका वेगळी असते. नोंदींचा क्रम, नावांची मोडणी, विरामचिन्हे आणि ठसा यांचे निर्णय ती घेते. शैली बदलली की नोंदींना हात न लावता सूचीचे रूप बदलते.

या फारकतीमुळे दोषांचीही तीन पातळ्यांवर वाटणी होते. पहिले दोष यांत्रिक, दुसरे लिपीचे आणि तिसरे कर्तृत्वाच्या कल्पनेचे. प्रबंध जुळवणाऱ्याचा बहुतेक वेळ पहिल्या प्रकारात जातो, कारण तेथे यंत्र स्वतःच तक्रार करते. वाङ्मयाच्या अभ्यासकाने ज्यांची काळजी करावी, ते दोष मात्र तिसऱ्या प्रकारातले आहेत.

२

यांत्रिक दोष ओळखण्यास सोपे. प्रबंधात संदर्भाच्या जागी कंसात नुसते प्रश्नचिन्ह उमटले, तर बहुधा आवर्तने पूर्ण झालेली नसतात. प्रथम लाटेक, मग बिबटेक आणि पुन्हा दोनदा लाटेक असा क्रम चालवावा लागतो, कारण पहिल्या फेरीत फक्त कोणते ग्रंथ उल्लेखिले याची यादी होते आणि ती सूचीत रूपांतरित होऊन परत यायला पुढील फेऱ्या लागतात. क्रम पाळूनही प्रश्नचिन्ह राहिले, तर नोंदीची खूण आणि प्रबंधातील खूण यांत अक्षराचा फरक आहे किंवा शैलीच्या संचिकेचे नाव चुकले आहे, असे समजावे. दोन रकान्यांमधील स्वल्पविराम सुटला किंवा महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर त्यापुढील नोंदही बिघडू शकते. म्हणून यंत्राने दाखवलेल्या ओळीच्या आधीची ओळ तपासणे श्रेयस्कर.

याच गटात एक दोष असा आहे की जो मराठी लेखनसवयीतून येतो. दोन कर्त्यांची नावे जोडताना आपण स्वाभाविकपणे ‘आणि’ लिहितो. बिबटेकला मात्र इंग्रजी ‘अँड’ हाच शब्द, तोही रोमन लिपीत, विभाजक म्हणून कळतो. ‘आणि’ लिहिताच दोन लेखकांचा मिळून एक लांबलचक नावाचा लेखक तयार होतो. छापील सूचीत ‘आणि’ हवा असेल, तर तो शैलीच्या संचिकेत सांगायचा असतो, नोंदीत नव्हे. येथेच यांत्रिक दोषाची हद्द संपते आणि भाषेचा प्रश्न सुरू होतो.

३

मराठीत आद्याक्षर म्हणजे वर्ण नव्हे, अक्षर. गो. नी. दांडेकर, ना. धों. महानोर, श्री. व्यं. केतकर ही नावे पाहिली तर हे स्पष्ट होते. गोपाळचा ‘गो’, धोंडोचा ‘धों’, व्यंकटेशचा ‘व्यं’ : मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसह उच्चाराचे पहिले एकक आपण उचलतो. बिबटेकची रचना यापूर्वीच्या एका वेगळ्या जगातली आहे. एक बाइट म्हणजे एक अक्षर असे ती समजते. आजच्या युनिकोड संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. शैलीने आद्याक्षरे मागितली की बिबटेक त्या तिहींतला पहिला बाइट तोडून देते. हा तुकडा कोणतेच अक्षर नसल्याने जुळणी अडते किंवा पानावर चौकोन उमटतो. संशोधकाला वाटते की टंकात दोष आहे. वास्तविक दोष ‘अक्षर’ या संज्ञेच्या अर्थात आहे.

नंतरच्या साधनांनी हा प्रश्न बराच सोडवला आहे. ‘बिबलाटेक’ आणि तिच्याबरोबरची ‘बायबर’ ही आज्ञावली युनिकोड जाणतात. तथापि जोडाक्षर हे एकच एकक मानावे, हा नियम खुद्द युनिकोडने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांना लागू केला तो २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वीच्या नियमाने ‘श्रीधर’चे पहिले एकक ‘श्’ ठरते, ‘श्री’ नव्हे. म्हणून नवी साधने वापरतानाही आद्याक्षरे यंत्राकडून काढून घेऊ नयेत. ग्रंथावर जशी छापली आहेत तशी आपणच भरावीत आणि शैलीत आद्याक्षरीकरण बंद ठेवावे. नरहर कुरुंदकर यांना ‘न. कुरुंदकर’ करणारी सूची मराठी वाचकाला परकी वाटते. आपल्याकडे काही लेखक आद्याक्षरांनी ओळखले जातात, काही पूर्ण नावाने. ही निवड लेखकाच्या वाङ्मयीन ओळखीचा भाग असते.

वर्णक्रमाचा दोष याहून सूक्ष्म आहे. संगणकाच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. परिणाम पाहण्यासाठी चार नावे पुरेत. मराठी क्रमाने ती कुरुंदकर, कुलकर्णी, कुसुमाग्रज, कुळकर्णी अशी लागतील. संकेतक्रमाने कुळकर्णी उचलून कुसुमाग्रजांच्या आधी, कुलकर्णींच्या शेजारी जातील. बायबरला क्रमासाठी मराठी भाषेचा नियम लावण्यास सांगितले, तर हा दोष दूर होतो. न सांगितल्यास सूची वरवर सुव्यवस्थित दिसते आणि मराठी कोशाच्या सवयीने शोधणाऱ्याला नाव सापडत नाही.

अंकांचेही असेच. वर्षाच्या रकान्यात काही ठिकाणी देवनागरी आणि काही ठिकाणी रोमन अंक भरले, तर १९४१ चा ग्रंथ १९५५ च्या ग्रंथानंतर लागू शकतो, कारण यंत्र मूल्य न पाहता चिन्हांचा क्रम पाहते. देवनागरी अंकांतले वर्ष ही पूर्णांक संख्या नाही, अशी सूचनाही बायबर देते. नोंदीत रोमन अंक ठेवावेत आणि छपाईच्या वेळी त्यांचे देवनागरीकरण करावे, हा व्यवहार्य मार्ग. जुन्या मराठी ग्रंथांवर शालिवाहन शकाचे वर्ष असते. ते तसेच वर्षाच्या रकान्यात घातले तर ग्रंथ अठ्ठ्याहत्तर वर्षे मागे सरकतो. इसवी सन वर्षाच्या रकान्यात आणि मुखपृष्ठावरील शक टिपेच्या रकान्यात, अशी विभागणी केल्यास दोन्ही माहिती टिकते.

४

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बी. रघुनाथ या नावातील ‘बी.’ हे मराठी आद्याक्षर नाही. मराठी रीतीने भगवानचे आद्याक्षर ‘भ.’ झाले असते. इंग्रजी लेखनात भगवान हे नाव ज्या रोमन अक्षराने सुरू होते, त्या अक्षराचे नाव येथे देवनागरीत लिहिले आहे. आणि पुढे आडनाव गाळून वडिलांचे नाव ठेवले आहे. ही एका लेखकाने स्वतःची केलेली घडण आहे. तिच्यात कुलनामाचा त्याग आहे आणि त्या नावानेच त्यांनी वाचकांशी संबंध जोडला. सूचीशैलीने या नावाची मोडतोड केली, तर ती केवळ टंकनाची चूक राहत नाही, लेखकाचा निर्णय रद्द होतो.

१९९१ मध्ये फ्रान्स व्हेल्थुईस यांनी टेकसाठी देवनागरीचा जो संच तयार केला, त्यात मजकूर रोमन लिपीत टंकित करून नंतर त्याचे देवनागरी करीत. ‘भ’ तेथे दोन रोमन अक्षरांनी लिहिला जाई. अशा नोंदीतून आद्याक्षर काढायला सांगितले, तर पहिलेच रोमन अक्षर हाती येई आणि भगवानचा ‘भ’ गळून ‘ब’ उरे. लेखकाने जाणीवपूर्वक स्वीकारलेल्या ‘बी.’शी यंत्राचा हा ‘ब’ दिसायला जवळचा आहे. पण एक स्वनामकरण आहे आणि दुसरा लिप्यंतराचा अपघात. छापील पानावर हा भेद दिसत नाही. तो नोंदीतच राखावा लागतो.

या एका लेखकाच्या नोंदी किती प्रकारे फुटू शकतात, हे पाहण्यासारखे आहे. ‘बी. रघुनाथ’ असे लिहिले तर ‘र’खाली. संपूर्ण नाव सरळ क्रमाने लिहिले तर ‘कुळकर्णी’ म्हणून ‘क’खाली. आपल्या सरकारी याद्यांच्या रीतीप्रमाणे ‘कुळकर्णी भगवान रघुनाथ’ असे आडनाव आधी पण स्वल्पविरामाशिवाय लिहिले, तर शेवटचा शब्द आडनाव समजला जाऊन पुन्हा ‘र’खाली. आरंभी त्यांनी ‘फुलारी’ या नावानेही कविता लिहिल्या. त्या नियतकालिकांतील कवितांची नोंद ‘फ’खाली. एकाच प्रबंधाच्या सूचीत एक लेखक अशा रीतीने तीन ठिकाणी विखुरला, तर वाचकाच्या मनात त्याच्या लेखनाचा एकत्रित आकार उभा राहणार कसा? महाराष्ट्राच्या वाङ्मयीन केंद्रांपासून दूर, निजामी राजवटीत लिहिणाऱ्या लेखकाच्या बाबतीत हे विखुरणे अधिकच नुकसानकारक आहे. प्रस्थापित लेखक चुकीच्या नोंदीतूनही ओळखू येतो. ज्याची पुस्तके दुर्मीळ आहेत, त्याच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग मात्र पुष्कळदा सूचीतूनच जातो.

हा प्रश्न एकट्या बी. रघुनाथांचा नाही. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या नावातच तो दडलेला आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. ‘तीर्थ’ हे आडनाव नसून संन्यासदीक्षेचे उपपद आहे. हैदराबाद मुक्तिलढ्यावरील त्यांच्या आठवणींचे पुस्तक नोंदवताना सूचीशैली सहज ‘तीर्थ, स्वामी रामानंद’ असे रूप देईल. म्हणजे ज्याने कुलनाम सोडले त्याला ती नवे कुलनाम बहाल करील.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक एस. आर. रंगनाथन यांचे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. त्यांच्या नावात आडनावच नाही : शियाळी हे गाव, रामामृत हे वडील, रंगनाथन हे त्यांचे स्वतःचे नाव. येथे सूचीशैली नोंद योग्य जागी लावते, परंतु चुकीच्या कारणाने. नोंद योग्य जागी लागली म्हणजे शैलीचे गृहीतकही योग्य होते, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

गंगाखेडच्या जनाबाईंपाशी तर ‘कर्ता’ ही कल्पनाच नव्याने तपासावी लागते. त्यांच्या अभंगांत कर्तृत्वाची खूण असते ती नाममुद्रेत, आणि त्या मुद्रेत स्वतःच्या नावाबरोबर नामदेवांशी असलेले दास्याचे नाते गुंफलेले असते. मुद्रणयुगात हे अभंग सकल संत गाथेसारख्या संग्रहांतून आणि नामदेव गाथेच्या सोबतीने छापले गेले. संशोधकाने संग्रहाची एकच नोंद केली की जनाबाईंचे नाव सूचीतून नाहीसे होते; उरतो तो संपादक किंवा नामदेव. त्यांच्या अभंगांची स्वतंत्र नोंद करून ती संग्रहाच्या नोंदीशी जोडण्याची सोय बिबटेकमध्ये आहे. मात्र तिचे दोन संकेत पाळावे लागतात : संग्रहाची नोंद संचिकेत अभंगांच्या नोंदीनंतर यावी लागते, आणि संग्रहाशी जोडलेल्या किमान दोन नोंदी प्रबंधात आल्या तरच संग्रह सूचीत आपोआप वेगळा दिसतो. हे ठाऊक नसेल तर ‘संग्रहाची नोंद कधी येते, कधी येत नाही’ असा गोंधळ होतो.

५

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, एवढा खटाटोप कशाला. शेवटी सूची हाताने दुरुस्त करावी. तयार झालेल्या पानावर ‘रघुनाथ, बी.’ खोडून ‘बी. रघुनाथ’ लिहिणे क्षणाचे काम आहे, हे खरे. पण पुढच्या आवर्तनात यंत्र तीच सूची पुन्हा तयार करते आणि दुरुस्ती पुसली जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोंदींची संचिका एका संशोधकाकडून दुसऱ्याकडे जाते, तिच्यातून लेख आणि नवे प्रबंध तयार होतात. पानावरची दुरुस्ती त्या प्रवासात सोबत येत नाही, मूळ चूक मात्र येते.

दुसरा आक्षेप अधिक वैचारिक आहे. या शैली पाश्चात्त्य विद्याव्यवहारातून आल्या, त्यांचा आग्रहच सोडावा, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप अर्धसत्य आहे. कडक नियमांनी सूची करण्याची परंपरा मराठीला परकी नाही. १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची शंकर गणेश दाते यांनी केलेली ‘मराठी ग्रंथसूची’ हे एकट्या माणसाच्या शिस्तीचे केवढे मोठे उदाहरण आहे. ग्रंथालयांच्या जुन्या तालिकापत्रांतही टोपणनावावरून मूळ नावाकडे नेणारे ‘पाहा’ असे पत्र असे. प्रश्न शिस्त असावी की नसावी हा नाही. ती कोणत्या वाङ्मयव्यवहाराच्या अनुभवातून घडलेली असावी, हा आहे.

परभणी शहरातच दोन विद्याव्यवहार शेजारी नांदतात. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाच्या ज्ञानशाखांत आडनाव आणि वर्ष यांनी संदर्भ देण्याची पद्धती रूढ आहे, आणि तेथे ती उपयुक्त ठरते, कारण प्रयोगाचे वर्ष हे त्या ज्ञानाच्या स्थितीचे निदर्शक असते. तीच पद्धती साहित्याच्या प्रबंधात आणली की ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ या कवितासंग्रहाचा उल्लेख ‘रघुनाथ, १९५५’ असा होतो. कवी १९५३ मध्ये निवर्तला. संग्रह मरणोत्तर आहे. नाव आणि वर्ष या दोन्ही अंगांनी हा उल्लेख वाचकाची दिशाभूल करतो. पद्धती सदोष नाही, तिचे उपयोजन अस्थानी आहे.

६

या विवेचनातून काही व्यवहार्य निष्कर्ष निघतात. जे नाव अखंड आहे ते दुहेरी महिरपी कंसात लिहावे. मग बिबटेक त्याचे तुकडे करीत नाही. अशा रीतीने ‘बी. रघुनाथ’ हे एकच नाव ठरून ‘ब’खाली लागते. क्रमासाठी वेगळे रूप हवे असेल तर ते बिबलाटेकच्या क्रमनामाच्या स्वतंत्र रकान्यात द्यावे, छापायच्या नावात ढवळाढवळ करू नये. ‘कुळकर्णी’ आणि ‘फुलारी’ या नावांखाली ‘पाहा’ची नोंद ठेवावी. पुनर्मुद्रित ग्रंथांसाठी बिबलाटेकमधील मूळ वर्षाचा रकाना वापरावा. मरणोत्तर ग्रंथाचे वेगळेपण टिपेच्या रकान्यात नोंदवावे. प्रकाशकाचा रकाना रिकामा असल्याची सूचना आली, तर तो भरण्यासाठी मुद्रकाचे नाव तेथे दडपू नये. लेखकाने स्वखर्चाने ग्रंथ काढला असेल तर तसे लिहावे; ती प्रकाशनव्यवहाराच्या इतिहासातील वस्तुस्थिती आहे. शीर्षकासाठी तिरप्या ठशाऐवजी अवतरणचिन्हे योजावीत, कारण अनेक देवनागरी टंकांत तिरपा ठसा नसतो आणि यंत्र त्या जागी सरळ ठसा वापरून शीर्षकाचे वेगळेपण पुसून टाकते.

यांपैकी प्रत्येक निर्णय घेताना यंत्राला उत्तर द्यायचे असते, पण ते शोधावे लागते वाङ्मयेतिहासात. रंगनाथन यांनी वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे एक मूलभूत तत्त्व मानले होते. सूचीलाही ते लागू आहे. परभणीच्या एखाद्या विद्यार्थ्याने बी. रघुनाथांचा शोध घ्यायला आरंभ केला, तर त्याला ते एका जागी, त्यांनी स्वतः निवडलेल्या नावाने, भेटावेत. मराठी विभागांनी आपापल्या प्रदेशातील लेखकांच्या अशा तपासलेल्या नोंदी एकत्र करून त्या विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या, तर प्रत्येक प्रबंधात तीच चूक नव्याने घडण्याचे कारण उरणार नाही. असे काम समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानण्याची सवय आधी सोडावी लागेल, एवढेच.